दांड्या दोन

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून आजवर जेवढी माणसं श्रीमंत व्हायची राहिली, त्यांतली निम्मी आपापल्या कर्माने राहिली आणि उरलेली निम्मी आमच्या थोरल्या साडूंमुळे. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे रागानेच म्हणतो, पण पुरता विचार करून म्हणतो. आमच्याकडे शेत नांगरलं की ढेकळाबरोबर कधीमधी एखादं जुनं नाणं वर येतं. रायगडाच्या कुशीत राहण्याचा तेवढा एक फायदा. बाकी पावसाळ्यात सावित्री बाजारपेठेत शिरते आणि माझ्या दुकानाच्या गल्ल्यात माझ्याआधी हात घालते, तो तोटाच. तर असं नाणं सापडलं की सापडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिथल्या तिथे स्लॅबचं घर उभं राहायचं, घरापुढे मोटरसायकल उभी राहायची, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी शहाणा त्याला सांगायचा, "विकायच्या आधी पोस्टातल्या भाऊंना दाखव." संपलं. जाताना जो माणूस रस्त्याच्या मधून चालत गेला, तो येताना गटाराच्या कडेने यायचा. घर गेलं, मोटरसायकल गेली, नाणं तेवढं मुठीत घामेजलेलं.

पोस्टातले भाऊ म्हणजेच आमचे साडू; माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर त्यांनी महाडच्या पोस्टात टपालावर शिक्के मारले. लोक नोकरी करतात तशी त्यांनी ती केली नाही. लोक पूजा करतात तशी केली. बाहेरगावहून पत्र आलं की पाकिटाच्या मागे ते असा शिक्का उठवायचे, की गोल म्हणजे गोल, अक्षर न् अक्षर सुटं, शाई कुठे पसरलेली नाही. दासगावच्या एका म्हातारीने मुलाचं मुंबईहून आलेलं पाकीट कित्येक महिने फोडलंच नाही, का, तर शिक्का फाटेल. आत सून बाळंत झाल्याची बातमी होती. म्हातारी बारशाला पोचली तेव्हा नातू तिला दारात घ्यायला चालत आला. हे मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. रांगत आला असेल, पण आला.

या शिक्क्यांपायी त्यांची नजर कायमची बिघडली. लग्नाची पत्रिका आली की कोणाचं लग्न हे न वाचता ते आधी गणपती कागदाच्या मधोमध छापलाय का ते बघायचे. चहाबरोबर बिस्किट दिलं, तर त्यावरची अक्षरं एका बाजूला सरकली आहेत का हे उजेडाकडे धरून तपासायचे. तोवर चहावर साय धरायची. मी आयुष्यात त्यांना गरम चहा पिताना पाहिलेलं नाही. असा माणूस जुन्या नाण्यांकडे वळला नसता तरच नवल. "नाणं म्हणजे तरी काय, साडूभाऊ," ते म्हणायचे, "तांब्यावर मारलेला शिक्काच." आणि मग दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी ज्याने तो शिक्का मारला त्या टाकसाळीतल्या माणसाबद्दल असं बोलायचे, की जणू तो त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. "हा बघा, याचा हात हलला. सबंध दिवस घण उचलायचा म्हणजे काय. संध्याकाळचं नाणं असणार हे."

मला विचाराल तर त्या टाकसाळवाल्याबद्दल त्यांना जेवढा उमाळा होता, त्याच्या चिमूटभरही जिवंत माणसाबद्दल नव्हता. नाणं घेऊन कोणी आलं की ते आधी हात धुवायला लावायचे. स्वतः धुवायचे ते वेगळंच, आलेल्याला लावायचे. मग टेबलावर इस्त्रीचा पांढरा रुमाल पसरायचा. "कडेला धरा. भाकरी धरतो तसं नाही." मग नाणं नाकाशी नेऊन हुंगायचं. मग घड्याळजी डोळ्यात धरतो तसलं भिंग डोळ्यात बसवायचं, आणि बसवलं की माणूस गेलाच. त्यांचा श्वास चालू आहे ना हे बघायला मेव्हणी मधूनमधून स्वयंपाकघरातून डोकावून जायची. समोरचा बिचारा ओल्या हातांनी बसलेला, त्याचा जीव टांगणीला, आणि बऱ्याच वेळाने भिंगाच्या मागून पहिला शब्द यायचा तो नाण्याच्या दोषाचा. कड चेपलेली. ठसा सरकलेला. वरचं अक्षर गेलेलं. मी एकदा म्हटलं, "अहो, आधी काहीतरी गोड बोला, मुलगी दाखवतात तेव्हा सुद्धा कोणी चष्म्यापासून सुरुवात करत नाही." तर म्हणाले, "आधी दोष. दोष सांगून जे उरेल ते नाणं."

त्यांचा खरा वैरी मात्र आमसूल. आमच्याकडे तांब्याची वस्तू म्हटली की तिला आमसूल लागलंच पाहिजे. दिवाळी आली की देवाचे तांबे, ताम्हन, पळी आणि त्यांच्याबरोबर देव्हाऱ्यातलं जुनं नाणं, सगळं एकाच परातीत बसतं आणि झळझळीत होऊन बाहेर येतं. अक्षरं परातीत राहतात. शिवथरची एक बाई मोठ्या कौतुकाने असं नाणं घेऊन आली. साडूंनी ते रुमालावर ठेवलं आणि तोंड फिरवलं.

"ही याची दशा कोणी केली?"

"मीच केली, भाऊ. आमसुलानं घासला, वर रांगोळीनं घासला. बघा कसा देवावानी लख्ख झालाय."

"पिढ्यान्‌पिढ्या याला अंगावर रंग चढत होता, बाई. ती याची कातडी होती. सोललीत तुम्ही त्याला."

ती बाई घाबरून नाणं तिथेच टाकून निघाली होती. मेव्हणीने चहा पाजून तिला परत बसवलं. त्यानंतर साडूंच्या घरात आमसूल बंद झालं. कोकणातल्या घरात आमसूल बंद म्हणजे काय, हे ज्याने बिनआमसुलाची माशाची आमटी जेवून बघितली आहे त्यालाच कळेल. मी बघितली आहे. पाहुणा म्हणून गेलो होतो, उठताही येईना.

आणि पोलादपूरचा तो बागायतदार. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट, दारात जीप. त्या काळात तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचं भूत सगळीकडे फिरत होतं. ज्याच्याकडे असं नाणं त्याला परदेशातून माणसं शोधत येतात, अशी बोलवा होती. याच्याकडे ते होतं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला काय ते देवालाच ठाऊक. त्याने ताटलीत स्वतःच्या शेतातले तांदूळ पसरले आणि नाणं मधे ठेवलं. खरंच सांगतो, दोन-तीन दाणे हलले. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. साडू म्हणाले, "साडूभाऊ, उठलाच आहात तर पंखा बंद करा." पंखा थांबला. तांदूळही थांबले. बागायतदाराचा चेहरा उतरला, तर त्याला धीर देणं राहिलं बाजूला, हे गृहस्थ शांतपणे म्हणतात, "आणि समजा ओढत असेल, तर माझ्याकडे कशाला आणलंत? गिरणीवर न्या. एक हमाल कमी लागेल." तो माणूस माझं गिऱ्हाईक होता. वह्या, पेनं, मुलीच्या बांगड्या, सगळं माझ्याकडून न्यायचा. त्या दिवसापासून तो पोलादपुरातच खरेदी करतो.

यात माझा काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध असा की साडूंचा एक नियम होता: जो बघतो त्याने लिहायचं नाही. "डोळा खरं बघत असतो, तेवढ्यात हात लबाडी करतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून नाण्याचं वर्णन ते सांगणार आणि लिहिणार मी. माझं अक्षर चांगलं, दुकानाच्या पाट्या मीच रंगवतो. 'भव्य सेल.' 'अपूर्व संधी.' विशेषणाशिवाय माझं पेन शाईच सोडत नाही, आणि नशिबाने मला असा मालक दिला.

"लिहा. तांब्याचं नाणं." मी लिहिलं. "वाचा."

"तांब्याचं अस्सल नाणं."

"अस्सल कोण म्हणालं?"

"मग काय, नकली आहे?"

"नकली असतं तर नाणं म्हटलं नसतं. काढा."

मी 'अस्सल' काढायचो आणि पुढच्या ओळीत हळूच 'दुर्मिळ' बसवायचो. "काढा." मग 'सुबक'. "काढा." समोर नाण्याचा मालक माझ्याकडे आशेने बघतोय, मी त्याच्यासाठी जिवाच्या आकांताने विशेषणं पेरतोय आणि हा माणूस मागून येऊन एकेक रोप उपटतोय. एकदा चिडून मी म्हटलं, आता आपलं काहीच नको, आणि नुसतं 'नाणं गोल आहे' एवढं लिहिलं. ते म्हणाले, "डावीकडे चपटं आहे. 'गोल' काढा." असं काढत काढत जे उरायचं ते वाचून पोलादपूरचाच एक जण मला म्हणाला होता, "भाऊ, ह्ये नान्याचं वर्नन हाय का पोस्टमार्टम?"

त्यातही सगळ्यात घातकी शब्द म्हणजे 'दुदांडी'. आमच्या मुलखात ज्याला त्याला वाटतं की आपल्याकडे आहे ती शिवराई; म्हणजे एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेला तांब्याचा पैसा. आणि शिवराई असते ती खरोखर. पण हा पैसा लोकांच्या हाताला इतका बसला की महाराजांच्या मागे कितीतरी काळ तसाच पाडला जात होता. पुढे पुढे पाडलेल्या पैशांवर अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा येतात. दोन दांड्या. म्हणून दुदांडी. अशा दुदांड्या ओंजळीने सापडतात आणि संग्रहवाले त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. साडूंनी आयुष्यभरात जेवढ्या वेळा 'दुदांडी' म्हटलं असेल तेवढ्या वेळा मी देवाचं नाव घेतलेलं नाही. गावातली पोरं शाळेला दोन दिवस गेली नाहीत की त्याला दुदांडी म्हणायला लागली होती.

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला सासऱ्याचं नाणं दाखवावं का?

आमचे सासरे, आम्ही दोघेही त्यांना मामा म्हणायचो, पाचाडचे. गडाच्या पायथ्याशी भातशेती, खाऊनपिऊन सुखी माणूस. पैशाची ददात नाही आणि हावही नाही. त्यांच्या देव्हाऱ्यात एक नाणं होतं. राज्याभिषेकाच्या दिवशी गडावरून पैशांची उधळण झाली, त्यातलं हे एक थेट त्यांच्या मूळपुरुषाच्या पागोट्यात येऊन पडलं, आणि तो गर्दी बघण्यात एवढा दंग की रात्री पागोटं सोडलं तेव्हा त्याला ते कळलं, अशी घरातली कथा. दर लक्ष्मीपूजनाला मामा ती सांगायचे आणि सबंध आळी ऐकायला यायची. मी त्या घरचा जावई झाल्यावर तीत थोडी सुधारणा झाली. हत्तीची भर माझी. पण हत्ती असणारच तिथे कुठेतरी. राज्याभिषेक होता, हळदीकुंकू नव्हतं.

आणि दर वर्षी, कथा रंगात आली आणि नाणं ताम्हनातून फिरायला लागलं की आमचे साडू नेमके पाणी प्यायला आत जायचे. जगातल्या प्रत्येक नाण्यावर झडप घालणारा माणूस, आणि बायकोच्या माहेरच्या नाण्याकडे त्याने कधी मान वर करून बघितलं नाही. मला हा शुद्ध माज वाटायचा. बायकोला मी दर वर्षी तसं म्हणायचो, आणि ती दर वर्षी म्हणायची, "तहान लागली असेल हो भाऊजींना." एवढी तहान उंटालाही लागत नाही.

पुढे पुण्याचे एक संग्रहवाले आमच्याकडे फिरायला लागले. महाडच्या लॉजवर उतरायचे, गावोगाव नाणी बघायचे. त्यांच्या घरी भिंतभर काचेची कपाटं आहेत आणि प्रत्येक नाण्याखाली ते कुठून आलं त्याची चिठ्ठी आहे, हे मामांच्या कानावर गेलं, आणि मामांनी ठरवलं. आम्हा दोघांना निरोप आला. गेलो तर म्हणाले, "मी आता किती दिवसाचा, जावईबापू? माझ्यामागं ही गोष्ट कोन सांगनार? तुमी सांगाल, पन तुमी हत्ती घालता."

मी जमिनीकडे बघितलं.

"त्यापरास पुन्याला काचंत जाऊं दे. खाली चिठ्ठी लागूं दे, पाचाडच्या घरातला, राज्याभिषेकाचा. पैशाला कोन इचारतो? घराचं नाव ऱ्हाईल. पन तो पुनेकर म्हनतो, थोरल्या जावयानं बघितल्याबिगर मी घेनार नाय."

म्हणजे एवढंच होतं सगळं. म्हाताऱ्याला आपलं घर त्या चिठ्ठीवर हवं होतं, आणि चिठ्ठी कोणाच्या तोंडून उतरायची, तर ज्याच्या तोंडून 'गोल' हा शब्दही उतरत नाही त्याच्या.

ठरल्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने पाचाडला निघालो. बायका आदल्या दिवशीच माहेरी गेलेल्या. साडू खिडकीशी, मी त्यांच्या अंगावर, आणि महाड सुटल्यापासून मी त्यांच्या कानाशी.

"साडूभाऊ, एकच शब्द मागतो. 'शिवकालीन' म्हणा."

"बघितल्याशिवाय?"

"बरं, 'प्राचीन' म्हणा."

"विशेषण आहे."

"'जुनं'? 'जुनं' म्हणायला तर काही हरकत नाही?"

"तेही विशेषणच."

"अहो, मामांचं वय बघा जरा. त्यांच्याकडे बघून तरी."

"मामा नाणं नाहीत," ते म्हणाले. "त्यांचे दोष मी बघत नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसले, ते पाचाड येईपर्यंत.

ओटीवर पुण्याचे गृहस्थ आधीच येऊन बसले होते, मांडीवर ब्रीफकेस. दोघी बहिणी माजघराच्या दारात. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांनी ताम्हन आणून समोर ठेवलं, आणि त्यातलं नाणं असं चमकलं की पुणेकरांनी डोळे बारीक केले. साडूंनी तर मिटलेच.

"सकाळीच आमसुलानं घासून घेतलाय," मामा म्हणाले. "पावनं यायचं म्हंजे."

मी वाट बघत होतो, आता ते सोललेल्या कातडीचं प्रवचन सुरू होणार. झालं नाही. त्यांनी मामांना हातही धुवायला लावले नाहीत. भिंग लावलं, नाणं कडेने उचललं, आणि बघत राहिले. "लिहा," म्हणाले. "तांबं. ठसा उजवीकडे सरकलेला. 'श्री' बाहेर गेलेलं. 'राजा' अर्धं. 'शिव' दिसतं. घासलेलं." मग नाणं उलटलं आणि थांबले. भिंग काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, परत लावलं. एकच नाणं दुसऱ्यांदा बघताना मी त्यांना त्या दिवशीच पाहिलं. मी मनात म्हणतोय, बोल बाबा, काहीही बोल, खोकला काढ, चक्कर येऊन पड, मी सांभाळून घेतो.

"दुदांडी," ते म्हणाले.

ब्रीफकेसचा खटका बंद झाल्याचा आवाज आला. माझी बायको दारात होती ती आत गेली. मी पेन खाली ठेवलं आणि या माणसाशी पुन्हा जन्मात बोलायचं नाही असं ठरवून टाकलं.

"काय म्हनलं?" मामांनी विचारलं.

"दुदांडी, मामा."

"म्हंजे?"

"अक्षरांच्या मधे दोन दांड्या आहेत. आडव्या."

मामांनी नाणं हातात घेतलं. डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, मग अंगठ्याने चाचपलं. दांड्या लागल्या असाव्यात, कारण अंगठा तिथेच इकडून तिकडे फिरायला लागला.

"दांड्या?"

"हो."

"दोन?"

"दोन," साडू म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी खालून आला.

मामांनी अंगठा आणखी एकदा दोन्ही दांड्यांवरून फिरवला. मग त्यांच्या तोंडावर असं काही उजळलं, की मला वाटलं म्हातारा आता रडतो की काय. त्यांनी आत हाक मारली, "गो पोरींनो, ऐकलांव काय? पालखी हाय. नान्यावर राजाची पालखी हाय." आम्ही सगळे नुसते बघत होतो, तर आम्हालाच समजावायला लागले, "आपल्या गावदेवीच्या पालखीला दांडी येक. राजाच्या पालखीला दोन. राजा हाय तो. येका दांडीवर बसंल काय? येवढी वर्सं घरात पालखी हाय आनि मी बघितली नाय. शिकल्याला मानूस पायजे बघा बघायला."

पुणेकर संग्रहवाले प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला. "अहो बाबा, त्या दांड्या म्हणजे नुसत्या रे—"

"चहा घ्या," साडू म्हणाले. "गार होतोय." आणि कप उचलून त्यांनी तो पुणेकरांच्या हातात दिला असं मी म्हणतो, पण खरं सांगायचं तर जवळजवळ तोंडातच दिला. गरम चहाची आठवण या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा झाली. पुणेकरांची जीभ भाजली आणि रेघा आत राहिल्या.

"मंग आता इकायचा नाय," मामा म्हणाले. नाणं त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. "पैसा इकला असता. पालखी कोन इकतं? देवाची पालखी कोनी इकतं काय रे?" पुणेकर म्हणाले, नाही, कोणी विकत नाही. त्यांना घ्यायचं नव्हतंच. सगळे मिळून घावन आणि चहा झाला, आणि त्या दिवशी पाचाडच्या त्या ओटीवर माझ्याखेरीज सगळे आनंदात होते.

परतीच्या एस.टी.त जन्मभर न बोलण्याचा माझा निश्चय पहिल्या वळणालाच मोडला. मी त्यांना म्हटलं, "माझं 'अस्सल' काढलंत. 'सुबक' काढलंत. साधं 'गोल' म्हटलं तर तेसुद्धा ठेवलं नाहीत. आणि आज अख्खी पालखी भोयांसकट तुमच्या समोरून गेली, तर तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही?"

"दांड्या दोन आहेत," ते म्हणाले.

"रेघांच्या."

"कशाच्या, ते नाण्यावर लिहिलेलं नाही."

याला काय म्हणायचं? मी शेजारच्या उतारूला विचारलं, त्यालाही सांगता आलं नाही. माझ्या हत्तीला जागा नाही आणि सासऱ्याच्या पालखीला आहे, हा कुठला न्याय, हे मी आजतागायत विचारतो आहे. बरं, पुढे मामांनी ती पालखी पाचाडभर फिरवली. गडावर जाणारे लोक खानावळीत पिठलं-भाकरीला टेकले की मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे आणि नाणं दाखवायचे. "दांड्या मोजा," म्हणायचे. लोक मोजायचे. दोनच भरायच्या. आता कोणाची छाती आहे नाही म्हणायची? माझ्या कथेत एवढा हत्ती असून त्याला कधी कोणी मोजून बघितलं नाही.

मामा गेल्यावर नाणं आमच्या देव्हाऱ्यात आलं. खरं तर थोरलीकडे जायचं, पण मेव्हणीच म्हणाली, "तुमच्याकडे असू दे. आमच्याकडे पूजेच्या वेळी हे पाणी प्यायला जातील." मी बायकोकडे बघितलं. ती वाती वळत होती, तिने मान वर केली नाही.

परवाच्या दिवाळीला साडू आमच्याकडे आले होते. डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे, भिंग पेटीत गेलं आहे, आता त्यांना चहा कुठे ठेवलाय ते सांगावं लागतं. त्यामुळे बिस्किट तपासत नाहीत, बुडवतात आणि खातात, आणि चहा गरम असतानाच संपवतात. ते बघायला मला बरं वाटत नाही. पूजा झाली. नाणं ताम्हनातून त्यांच्यापर्यंत गेलं. ते उठले नाहीत. त्यांनी ते उचललं, कडेने, आणि नाकाशी नेलं.

"आमसूल," म्हणाले.

"थोडंसंच हो, भाऊजी," आतून माझी बायको म्हणाली.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मला म्हणाले, "साडूभाऊ, कागद घ्या. याचं वर्णन अर्धं राहिलं होतं." मी कागद घेतला. त्यांचा अंगठा नाण्यावरून सावकाश फिरत होता, मामांचा फिरायचा तसा. "तांबं. ठसा उजवीकडे सरकलेला. 'शिव' दिसतं," असं म्हणाले, आणि मग, "लागतं, असं लिहा." मी लिहिलं. "दांड्या दोन. वाचा."

मी वाचलं. "तांबं. ठसा उजवीकडे सरकलेला. 'शिव' लागतं. पालखीच्या दांड्या दोन."

आणि पेन त्या शब्दावर उभं धरून मी थांबलो. इतक्या वर्षांची सवय. आता येईल, मग येईल, म्हणून वाट बघत राहिलो, आणि येईना तेव्हा खरं सांगतो, मला या माणसाचा जेवढा राग आला तेवढा पंखा बंद करताना सुद्धा आला नव्हता.

"साडूभाऊ, काढू ना?"

"काय?"

"पालखी."

अंगठा दांड्यांवर थांबला.

"राहू दे," ते म्हणाले. "लांबून आली आहे."